बारा रुपयांचे गुरुजी, सोळा हजारांचे शिक्षणसेवक

पोस्ट जरा मोठी आहे. पण घरात एक जरी डी.एड. झालेला माणूस असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आपल्या बायपासला एक दुमजली इमारत आहे. खाली खताचं गोदाम, वरचा मजला रिकामा. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी तिथं डी.एड. कॉलेज होतं. सकाळी पोरंपोरी गुंडाळलेले तक्ते आणि पाठ टाचणाची वही घेऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत सराव पाठ घ्यायला निघायची. परवा बातमीसाठी तिकडे गेलो, तर भिंतीवर 'छात्राध्यापक सूचना फलक' ही अक्षरं अजून दिसत होती. तेव्हापासून डोक्यात एकच विषय आहे : गुरुजी घडवायची ही पद्धत आपल्याकडे आली कशी, आणि तिचं असं गोदाम का झालं?

सुरुवात सावित्रीबाईंपासून करावी लागते. ३ जानेवारीला आपण हार घालतो, पण एक गोष्ट सांगायची राहून जाते. सावित्रीबाई रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षिका होत्या. नगरला फरार बाईंकडे आणि पुण्यात मिचेल बाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्या शिकल्या. शिकता येणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं, हे फुले दाम्पत्याला तेव्हाच कळलं होतं.

सरकारला ते १८५४ च्या वुडच्या खलित्यात कागदावर मान्य झालं. पुढे पुण्यात ट्रेनिंग कॉलेज उभं राहिलं. पण तिथून बाहेर पडणारे पंतोजी बहुतेक एकाच वर्गातले.

१८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिलं. त्यातल्या तीन मागण्या मला आजही ताज्या वाटतात. एक, प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा. दोन, तो कष्टकऱ्यांच्या वर्गातूनच यावा, गरज पडली तर नांगर धरणारा किंवा सुताराचं हत्यार चालवणारा असावा, म्हणजे तो गावात मिसळेल. तीन, त्याला पोटभर पगार मिळावा. कमीत कमी बारा रुपये, मोठ्या गावांत पंधरा-वीस.

प्रशिक्षण, वर्ग आणि पगार. या तीन गोष्टी लक्षात ठेवा, पुढचा सगळा इतिहास त्यांच्याभोवतीच फिरतो.

नंतर बरीच वर्षं 'फायनल' पास झालेला माणूस सरळ मास्तर व्हायचा. म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल, मराठी सातवी. आधी नोकरी, मग जमेल तेव्हा ट्रेनिंग. आपल्या आजोबांच्या तोंडी 'ट्रेंड' आणि 'अनट्रेंड' गुरुजी हे शब्द असायचे ते यामुळेच. १९३५ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढलं. खेड्यातली, बहुजनांची पोरं शिक्षक होऊन पुन्हा खेड्यात जायला लागली. जोतीरावांची दुसरी मागणी पुरी व्हायला अशी पन्नासेक वर्षं गेली.

तिन्ही गोष्टी एकत्र मिळाल्या त्या फार तर एका पिढीला. साधारण सत्तरच्या दशकापासून २००० पर्यंत डी.एड. झालेली ही पिढी. शेतकऱ्याचा पोरगा, बलुतेदाराची पोरगी, दोन वर्षं ट्रेनिंग, मग पूर्ण पगाराची कायम नोकरी. त्या एका पगारावर किती घरांची कौलं बदलली, किती बहिणींची लग्नं झाली, ते आपल्या तालुक्यात कुणालाही विचारा. बारावीनंतर मीही फॉर्म भरला होता. थोडक्यात नंबर हुकला आणि पत्रकारितेच्या डिप्लोमाकडे वळलो. ज्या मित्राचा नंबर लागला, त्याच्या वडिलांनी गल्लीभर पेढे वाटले होते.

मग २००० साली 'शिक्षणसेवक' आला. काम तेच, पण पहिली तीन वर्षं महिना तीन हजार. पगाराचा पाय इथं घसरला. त्याच काळात खाजगी डी.एड. कॉलेजांचं पेव फुटलं. मॅनेजमेंटच्या जागेसाठी लोकांनी म्हशी विकल्या, एकरभर रान विकलं. पोरांचे लोंढे बाहेर पडले आणि २०१२ ला भरती थांबली. २०१३ ला टीईटी सुरू झाली, २०१७ ला अभियोग्यता चाचणी आणि पवित्र पोर्टल आलं. वय वाढत गेलं, लग्नं लांबली. डी.एड. झालेले काहीजण आज आपल्याच एमआयडीसीत हेल्पर आहेत. कॉलेजं ओस पडली, त्यात नवल नाही.

परीक्षा असू नये असं माझं म्हणणं नाही. दुकानदारी करणारी कॉलेजं बंद पडली, तेही बरंच झालं. पण टीईटी म्हणजे दीडशे प्रश्न आणि पर्यायांचे गोल. पहिलीच्या रडणाऱ्या पोराला वर्गात बसवता येतं का, हे त्या गोलांत दिसत नाही. ते सराव पाठात दिसायचं. आणि त्या परीक्षेचंही काय झालं? २०२१ च्या अखेरीस टीईटी घोटाळ्यात परीक्षा परिषदेचे आयुक्तच अटकेत गेले.

पगाराचं म्हणाल तर २०२३ मध्ये प्राथमिक शिक्षणसेवकाचं मानधन सोळा हजार झालं. त्याच वर्षी शिक्षक कमी पडले म्हणून निवृत्त गुरुजींना कंत्राटावर घ्यायचं ठरलं, महिना वीस हजारांवर. दोष त्या गुरुजींचा नाही. पण नव्या पोरानं यातून काय समजायचं?

आता नवं शैक्षणिक धोरण सांगतं, २०३० पासून चार वर्षांचं एकत्रित बी.एड. हवं. कल्पना चांगली आहे. पण डी.एड. तालुक्याला व्हायचं, पोरगी सकाळच्या एसटीनं जाऊन संध्याकाळी घरी यायची. चार वर्षं शहरात ठेवून शिकवणं किती घरांना जमेल? ही सोय तालुक्यापर्यंत आली नाही, तर जोतीरावांची दुसरी मागणी आपण पुन्हा गमावून बसू.

ती तिन्ही गोष्टी मिळालेली पिढी आता एकेक करून निवृत्त होतेय. दर महिन्याला एखादा सत्कार, शाल-श्रीफळ, फोटो. बातमी मीच लावतो. पुढच्या सत्काराला जाल तेव्हा टाळ्या वाजवून झाल्यावर शाळा व्यवस्थापन समितीला एवढंच विचारा : या खुर्चीवर उद्या कोण बसणार, आणि कधी?