आडवी खाच, उभी खाच

तबकडीच्या खाचेत सुई कोणत्या दिशेला हलते, हा प्रश्न वरवर पाहता केवळ यंत्रज्ञांचा वाटतो. परंतु जुन्या गायनाच्या अभ्यासकाला तो टाळता येत नाही. एडिसनच्या १८७७च्या फोनोग्राफमध्ये सुई वरखाली होत असे. एमिल बर्लिनरने १८८७मध्ये ग्रामोफोनसाठी आडवी, नागमोडी खाच पत्करली, आणि पुढे बाजारात त्याचीच पद्धत टिकली. गौहरजानचे १९०२चे कलकत्त्यातील मुद्रण असो वा बालगंधर्वांच्या पदांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या असोत, त्यांतला स्वर डावी-उजवीकडच्या हेलकाव्यांतच आहे.

ॲलन ब्लुमलाइनने १९३१मध्ये इंग्लंडात स्टिरिओचे पेटंट मागितले. तशा तबकड्या मात्र १९५०च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आल्या. आता खाचेच्या दोन भिंतींवर दोन वेगळे ध्वनी होते आणि ते वाचण्यासाठी कार्ट्रिजला आडव्या हालचालीबरोबर उभी हालचालही टिपणे भाग होते. नव्या तबकडीसाठी हे योग्यच. जुनीसाठी ते उपद्रवी ठरले. मोनो तबकडीत उभ्या हालचालीला काही अर्थ नसतो, पण म्हणून ती होत नाही असे नाही. धूळ असते, झीज असते. शिवाय खाच कोरणारे हत्यार छिन्नीसारखे सपाट आणि वाचणारी सुई गोल टोकाची. त्यामुळे वळणाच्या उतारावर खाच अरुंद होते व सुई किंचित वर उचलली जाते, प्रत्येक कंपनात दोनदा. स्टिरिओ कार्ट्रिज हे सारे इमानाने ऐकते आणि गायकाच्या स्वरात मिसळून देते. खरे मोनो कार्ट्रिज फक्त आडवे ऐकते. बहिरेपणाचा इतका चांगला उपयोग क्वचितच कोणी केला असेल!

सुईचे टोकही महत्त्वाचे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीला सुमारे ७५ मायक्रॉन त्रिज्येचे टोक लागते, १९४८नंतरच्या मोनो एलपीला २५, तर स्टिरिओला त्याहून बारीक. बारीक टोक जुन्या खाचेच्या तळाशी घसरते आणि तेथला कचरा वाचत बसते. ध्वनिसंग्रहालयांनी केलेल्या प्रतींवर गायकाचे नाव असते, रागाचे असते. कोणत्या सुईने प्रत घेतली हे मात्र अनेकदा नसते. मग मूळ आवाजच घोगरा होता की सुई चुकीची होती, हे ऐकणाऱ्याने ठरवायचे कसे? हस्तलिखिताच्या संपादनात असा निष्काळजीपणा आपण चालवून घेतला नसता.

तरीही मोनो कार्ट्रिज म्हणजे सर्व जुन्या तबकड्यांची किल्ली नव्हे. कलकत्त्याच्या हेमेंद्रमोहन बोस यांनी स्वदेशी चळवळीच्या काळात रवींद्रनाथांचा आवाज मेणाच्या नळकांड्यांवर घेतला. पुढे १९०८च्या सुमारास त्यांची मुद्रणे फ्रान्सच्या पाथे कंपनीच्या तबकड्यांवर आली. पाथेची त्या काळची खाच उभी. आडवे ऐकणारे कार्ट्रिज तीवर ठेवले तर स्वर जवळजवळ नाहीसाच होतो. तेथे स्टिरिओ कार्ट्रिज घ्यावे, योग्य जाडीची सुई लावावी, एका बाजूच्या तारा उलट जोडून दोन्ही बाजू एकत्र कराव्यात. म्हणजे आडवे गळून उभे तेवढे उरते. नोंदवहीत ‘तबकडी निकामी’ असा शेरा मारण्यापूर्वी एवढे करून पाहावे.