तेलविहिरीतला दाब कसा मोजतात? वेल कंट्रोलची मूळ गणितं, उदाहरणासकट

मुंबईच्या किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर आत समुद्रात 'मुंबई हाय' हे तेलक्षेत्र आहे. तिथे १९७४ मध्ये तेल सापडलं. तिथे काय किंवा जगात कुठेही काय, विहीर खोदणाऱ्या माणसाला एक प्रश्न सतत सोडवावा लागतो: विहिरीच्या तळाशी आपण दिलेला दाब खडकातल्या दाबापेक्षा जास्त आहे ना? तो जास्त ठेवायचा, आणि कमी पडलाच तर विहीर पुन्हा ताब्यात घ्यायची, यालाच वेल कंट्रोल म्हणतात.

यामागचं गणित शाळेतलंच आहे. गुणाकार, भागाकार आणि थोडा वर्ग. फोनमधला कॅल्क्युलेटर उघडून ठेवा आणि प्रत्येक आकडा स्वतः करून बघा.

आधी एककं समजून घेऊ

तेलउद्योगात अजूनही जुनी अमेरिकन एककं चालतात.

- पीएसआय: एका चौरस इंचावर किती पौंड दाब आहे ते. कारच्या टायरमध्ये साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा असते.
- पीपीजी: एका अमेरिकन गॅलन द्रवाचं वजन किती पौंड. गोडं पाणी ८.३३ पीपीजी असतं.
- बॅरल: ४२ गॅलन, म्हणजे साधारण १५९ लिटर.

मड म्हणजे काय आणि ते कशासाठी?

विहीर खोदताना पोकळ ड्रिल पाइपमधून एक जड द्रव खाली सोडतात. त्याला रिगवर मड म्हणतात. पाणी किंवा तेल, त्यात बेंटोनाइट माती आणि वजन वाढवण्यासाठी बॅराइटची पूड. हे मड बिटमधून बाहेर पडतं आणि पाइप व विहिरीची भिंत यांच्यामधल्या कड्यासारख्या जागेतून वर येतं. या जागेला अ‍ॅन्युलस म्हणतात. मड येताना खडकाचा चुरा वर आणतं. पण त्याचं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे स्वतःच्या वजनाने खडकातला गॅस, तेल आणि पाणी आतच दाबून ठेवणं.

सूत्र १: मडच्या स्तंभाचा दाब

दाब (पीएसआय) = ०.०५२ × मडचं वजन (पीपीजी) × उभी खोली (फूट)

हा ०.०५२ कुठून आला? एक चौरस इंच तळाचा आणि एक फूट उंच स्तंभ घ्या. त्यात १२ घन इंच द्रव मावतो. एका गॅलनमध्ये २३१ घन इंच असतात. १२ भागिले २३१ म्हणजे ०.०५१९५, पूर्णांकित करून ०.०५२. बस, एवढंच.

आता आपली उदाहरणाची विहीर ठरवू. सरळ उभी, १०,००० फूट खोल, मड १० पीपीजी.

०.०५२ × १० × १०,००० = ५,२०० पीएसआय

इथे विहिरीची रुंदी कुठेच आली नाही, हे लक्षात घ्या. गच्चीवरच्या टाकीचंही तसंच असतं. टाकी ५०० लिटरची असो की ५,००० लिटरची, बंद नळावरचा दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो. ३३ फूट उंचीला साधारण १४ पीएसआय.

किक कधी येते?

समजा बिट अशा थरात शिरलं जिथे खडकातला दाब ५,२०० पीएसआयपेक्षा जास्त आहे. मग खडकातला गॅस विहिरीत घुसतो आणि मडला वर ढकलतो. ही किक. ती आवरली नाही आणि विहीर बेलगाम उसळायला लागली की त्याला ब्लोआउट म्हणतात.

किकच्या खुणा टाक्यांमध्ये दिसतात. जेवढं मड पंपाने आत जातं त्यापेक्षा जास्त बाहेर येतं, टाकीची पातळी वाढते, पंप बंद केला तरी विहीर वाहत राहते. अशा वेळी विहिरीच्या तोंडावरचा ब्लोआउट प्रिव्हेंटर, म्हणजे बीओपी बंद करतात आणि आकडे स्थिर व्हायची वाट बघतात. मग तीन आकडे हातात येतात:

- ड्रिल पाइपवरचा दाब (एसआयडीपीपी): समजा ५२० पीएसआय
- अ‍ॅन्युलसच्या बाजूचा दाब (एसआयसीपी): समजा ७२० पीएसआय
- टाकीत वाढलेलं मड: समजा २० बॅरल

सूत्र २: खडकातला दाब

विहीर म्हणजे एक मोठी यू आकाराची नळी समजा. एक बाजू ड्रिल पाइप, दुसरी अ‍ॅन्युलस, तळाशी दोन्ही जोडलेल्या. पाइपच्या बाजूला फक्त मड आहे आणि त्याचं वजन आपल्याला माहीत आहे. म्हणून हिशोब नेहमी याच बाजूने करतात.

खडकातला दाब = मडचा दाब + एसआयडीपीपी
५,२०० + ५२० = ५,७२० पीएसआय

अ‍ॅन्युलसचा आकडा जास्त का? कारण तिथे काही भागात मडच्या जागी हलका गॅस बसलाय. स्तंभ हलका झाला, म्हणून तेवढा दाब वरच्या गेजवर जास्त दिसतो.

सूत्र ३: विहीर शांत करायला किती जड मड हवं?

नवं मड = जुनं मड + एसआयडीपीपी ÷ (०.०५२ × उभी खोली)
१० + ५२० ÷ ५२० = ११ पीपीजी

उत्तर एका दशांश स्थळापर्यंत नेमकं आलं नाही तर ते नेहमी वरच्या बाजूला नेतात. १०.९३ आलं तर ११.०, कधीच १०.९ नाही.

सूत्र ४: कुठे किती मड मावतं?

पाइपसाठी: (आतला व्यास)² ÷ १,०२९.४ = बॅरल प्रति फूट
अ‍ॅन्युलससाठी: (विहिरीचा व्यास² − पाइपचा बाहेरचा व्यास²) ÷ १,०२९.४

व्यास इंचात घ्यायचे. आपली विहीर ८.५ इंची आणि पाइप ५ इंची धरू. खऱ्या विहिरीत तळाशी जाड ड्रिल कॉलर असतात, पण हिशोब सोपा राहावा म्हणून इथे सगळीकडे एकच पाइप घेतलाय.

(७२.२५ − २५) ÷ १,०२९.४ = ०.०४५९ बॅरल प्रति फूट

म्हणजे २० बॅरल किकची उंची २० ÷ ०.०४५९ = साधारण ४३६ फूट.

यावरून आत काय घुसलंय तेही कळतं. मडचा दाब दर फुटाला ०.५२ पीएसआय. दोन गेजमधला फरक २०० पीएसआय. ०.५२ − (२०० ÷ ४३६) = ०.०६ पीएसआय प्रति फूट. खारं पाणी असतं तर हा आकडा ०.४५ च्या वर आला असता. ०.०६ म्हणजे गॅस. विहिरीत न डोकावता, तीन आकड्यांवरून हे कळलं.

सूत्र ५: गॅस वर येताना किती फुगतो?

बॉइलचा नियम आठवतोय? दाब × आकारमान कायम राहतं. तापमानाचा बदल सोडून दिला तर अंदाज असा येतो:

- तळाशी, ५,७२० पीएसआयला: २० बॅरल
- दाब निम्मा झाल्यावर, २,८६० पीएसआयला: ४० बॅरल
- वर १,००० फूट मड उरल्यावर, ५३५ पीएसआयला: साधारण २१४ बॅरल
- बाहेरच्या हवेत, १४.७ पीएसआयला: साधारण ७,७८० बॅरल

शेवटचा आकडा लिटरमध्ये १२ लाखांच्या वर जातो. बहुतेक सगळी वाढ शेवटच्या टप्प्यात होते. सुरुवातीला टाकी हळूहळू भरते, त्यामुळे 'बघू अजून थोडा वेळ' असं वाटू शकतं. पण गॅस वरच्या हजार फुटांत आला की हातात फारच थोडा वेळ उरतो. म्हणून रिगवर नियम सरळ आहे: शंका आली की आधी विहीर बंद करा, चर्चा नंतर.

उलट बाजूनेही धोका आहे. गॅसला अजिबात फुगू दिलं नाही, तर तो तळाचा मोठा दाब घेऊनच वर सरकतो आणि संपूर्ण विहिरीवर ताण येतो. म्हणून चोक नावाचा व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडून त्याला मोजून मापून फुगू देतात.

सूत्र ६: वरून किती दाब चालेल?

विहिरीला बसवलेल्या लोखंडी केसिंगच्या खालच्या टोकाजवळचा खडक बहुतेक वेळा सगळ्यात कमजोर धरतात. तिथे जास्त दाब आला तर तो फुटतो.

कमाल दाब = (खडक फोडणारं मड − सध्याचं मड) × ०.०५२ × केसिंगची उभी खोली

केसिंग ५,००० फुटांपर्यंत आहे आणि चाचणीत तिथला खडक १४ पीपीजीपर्यंत टिकला असं समजू. (१४ − १०) × ०.०५२ × ५,००० = १,०४० पीएसआय. आपला एसआयसीपी ७२०. म्हणजे अजून जागा आहे, पण खूप नाही.

सूत्र ७: जड मड आत सोडताना

पंप हळू चालवताना लागणारा दाब आधीच मोजून ठेवलेला असतो. समजा मिनिटाला ३० स्ट्रोकला ६०० पीएसआय.

सुरुवातीचा दाब = ६०० + ५२० = १,१२० पीएसआय
शेवटचा दाब = ६०० × ११ ÷ १० = ६६० पीएसआय

पाइपचा आतला व्यास ४.२७६ इंच धरला तर त्यात दर फुटाला ०.०१७८ बॅरल, म्हणजे एकूण १७८ बॅरल मावतं. पंप एका स्ट्रोकला ०.१ बॅरल देत असेल तर १,७८० स्ट्रोक, म्हणजे साधारण एक तास. या तासात पाइपवरचा दाब १,१२० वरून ६६० पर्यंत टप्प्याटप्प्याने उतरवायचा असतो.

आकडे समोर असूनही: मॅकॉन्डो, २०१०

२० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या रिगवर स्फोट झाला. ११ जणांचा जीव गेला आणि ८७ दिवस समुद्रात तेल वाहत राहिलं. त्या दिवशीचा एक हिशोब आपण आत्ताच्या सूत्राने करू शकतो.

विहिरीत साधारण १४ पीपीजी मड होतं. ८,३६७ फुटांपर्यंतचं मड काढून तिथे समुद्राचं पाणी भरायचं ठरलं होतं. ते साधारण ८.६ पीपीजी.

०.०५२ × (१४ − ८.६) × ८,३६७ = साधारण २,३५० पीएसआय

एवढा दाब विहिरीवरून कमी होणार होता. मग गॅस अडवायची सगळी भिस्त तळाशी भरलेल्या सिमेंटवर. ते टिकलंय का हे बघायला आधी चाचणी केली. वरचा दाब शून्यावर आणायचा आणि तो शून्यावरच राहतो का ते बघायचं. ड्रिल पाइपवर १,४०० पीएसआय दिसला, दुसऱ्या नळीवर शून्य. दोन्ही एकाच विहिरीशी जोडलेल्या, म्हणजे दोन्हीवर शून्य हवं होतं. शून्यावर विश्वास ठेवला गेला आणि १,४०० चं दुसरंच कारण मानलं गेलं. पुढे पंप बंद असतानाही पाइपवरचा दाब वाढत असल्याचं नोंदींमध्ये सापडलं. आकडे होते, पण ते काय सांगत होते हे वेळेत ओळखलं गेलं नाही.

नेहमी होणाऱ्या चुका

१. उभ्या खोलीऐवजी पाइपची लांबी घेणं. समजा तिरकी विहीर आहे, पाइप १२,५०० फूट गेलाय पण उभी खोली १०,००० फूट आहे. सूत्र ३ मध्ये १२,५०० टाकलं तर उत्तर १०.८ पीपीजी येतं. त्या मडचा तळाशी दाब ५,६१६ पीएसआय. खडकापेक्षा १०४ ने कमी, म्हणजे विहीर शांत होणारच नाही. मावणाऱ्या मडसाठी मात्र पाइपची लांबीच घ्यायची.

२. पाइप बाहेर काढताना मड न भरणं. या ५ इंची पाइपचं लोखंड जोडांसकट दर फुटाला साधारण ०.००७५ बॅरल जागा घेतं. १,००० फूट पाइप काढला की ७.५ बॅरल मड भरावं लागतं. विहिरीने त्यापेक्षा कमी घेतलं तर उरलेली जागा दुसऱ्या कशाने तरी भरलीय.

३. एककांची सरमिसळ. मेट्रिकमध्ये सूत्र असं: दाब (बार) = ०.०९८१ × घनता (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) × उभी खोली (मीटर). आपल्या विहिरीसाठी घनता १.२ आणि खोली ३,०४८ मीटर. उत्तर ३५९ बार, म्हणजे पुन्हा तेच साधारण ५,२०० पीएसआय.

रिगवर हे सगळं आधीच छापलेल्या किल शीटवर किंवा सॉफ्टवेअरमध्ये भरतात, आणि ड्रिलरला त्याचं वेगळं प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र घ्यावं लागतं. तरीही हे हाताने करता येणं गरजेचं आहे. सॉफ्टवेअर फक्त दिलेल्या आकड्यांचा हिशोब करतं. उभ्या खोलीच्या रकान्यात कोणी १२,५०० भरलं, तर ते कुठलीही तक्रार न करता १०.८ हेच उत्तर देईल.