नफा कोणाचा, जोखीम कोणाची?

दोघे भाऊ मिळून दुकान टाकतात. भांडवल एकाचे, मेहनत दुसऱ्याची. ‘आपसांत कागद कशाला?’ म्हणून लिखापढी राहून जाते. धंदा बरा चालला की हिशेबाची कुरबुर सुरू होते आणि अखेर प्रकरण जमातीच्या पंचांपुढे नाही तर कोर्टात जाते. वादाचे मूळ मात्र एकच असते : नफ्यावर हक्क कोणाचा, आणि बुडाले असते तर भरून कोणी दिले असते?

हा प्रश्न दुसरे खलीफा हजरत उमर (रजि.) यांच्या कारकिर्दीत (६३४ ते ६४४) त्यांच्या घरातच उभा राहिला होता. इमाम मालिक (मृत्यू ७९५) यांच्या ‘मुवत्ता’त त्याची नोंद आहे.

खलीफांचे पुत्र अब्दुल्लाह आणि उबैदुल्लाह फौजेबरोबर इराकला गेले होते. परतताना ते बसऱ्याचे सुभेदार अबू मूसा अशअरी यांना भेटले. सरकारी खजिन्याची काही रक्कम मदिनेला पाठवायची होती. अबू मूसांनी ती या दोघांना कर्जाऊ दिली. इराकी माल घ्या, मदिनेत विका, मुद्दल खलीफांच्या हवाली करा आणि नफा तुम्ही ठेवा, असे ठरले. मालावर चांगला नफा झाला.

हजरत उमर यांनी मुलांना एवढेच विचारले की, फौजेतल्या प्रत्येकाला असे कर्ज मिळाले होते काय? उत्तर नकारार्थी आले. तेव्हा त्यांनी नफ्यासकट सारी रक्कम खजिन्यात भरायला सांगितले. अब्दुल्लाह गप्प राहिले. उबैदुल्लाह यांनी मात्र हरकत घेतली : रक्कम घटली किंवा बुडाली असती तर भरपाई आम्हालाच करावी लागली असती ना?

दोन्ही बाजूंत तथ्य होते. कर्जात जोखीम घेणाऱ्याची, म्हणून नफाही त्याचाच. पण ते कर्ज मिळाले होते बापाच्या पदामुळे, आणि पैसा होता जनतेचा. बैठकीतल्या एकाने तोड सुचवली : याला किराज माना. किराज, म्हणजेच मुदारबत, या व्यवहारात भांडवल एकाचे आणि श्रम दुसऱ्याचे असतात. खलीफांनी ते मानले. मुद्दल आणि अर्धा नफा खजिन्यात गेला, उरलेला अर्धा मुलांना मिळाला.

होऊन गेलेल्या व्यवहाराचे रूप मागाहून बदलावे काय, ही शंका उरतेच. म्हणूनच फकीहांनी पुढे अटी आधी ठरवण्यावर भर दिला. मुदारबतीत भांडवल बुडाले तर तोटा भांडवलवाल्याचा. राबणाऱ्याची मेहनत वाया जाते. मात्र तो त्या पैशाचा अमानतदार असल्याने त्याने अटी मोडल्या किंवा हयगय केली तर भरपाई त्याच्यावर येते. हनफी फिकहने भागीदारीचेही प्रकार पाडले. ‘इनान’मध्ये भागीदार एकमेकांचे मुखत्यार असतात, जामीन नव्हे. ‘मुफावजा’मध्ये मुखत्यारही आणि जामीनही. इनानमध्ये नफ्याचे प्रमाण कराराने ठरवता येते, तोटा मात्र भांडवलाच्या प्रमाणातच वाटून घ्यावा लागतो.

आपल्याकडचा १९३२ चा भागीदारी कायदा जबाबदारीच्या बाबतीत मुफावजाच्या जवळ जातो. त्याच्या कलम २५ नुसार पेढीच्या देण्याला प्रत्येक भागीदार इतरांसह आणि एकटाही जबाबदार असतो. मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीसाठी वेगळा कायदा २००८ साली आला. कलम १६ तर हजरत उमर यांच्या प्रश्नाचीच आठवण करून देते. पेढीचे नाव, मालमत्ता किंवा संबंध वापरून भागीदाराने स्वतःसाठी नफा कमावला, तर वेगळा करार नसल्यास त्याचा हिशेब पेढीला द्यावा लागतो.

उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, ही ताकीद कुरआनच्या सूरह बकरामध्ये आहे. आपण ती वाचतो आणि भावाशी भागी करताना विसरतो. कागद मागणे म्हणजे अविश्वास, असे आपल्याला वाटते. पण खलीफांच्या मुलांना जर हिशेब द्यावा लागला, तर आपल्या दुकानातल्या भावाने तो मागितला म्हणून राग कशाला यावा?