कुत्र्याला बाइकवरून नेताय? गळ्यातला पट्टा गाडीला बांधू नका

स्कूटरवर पाय ठेवायच्या जागेत उभा असलेला कुत्रा शहरात अनेकदा दिसतो. पण रस्त्यात मांजर दिसलं की तो उडी मारू शकतो. गळ्यातला पट्टा गाडीला बांधलेला असेल, तर त्याला फास बसू शकतो.

मग न्यायचं कसं?

हार्नेस: तो छातीभोवती बसतो, त्यामुळे झटका मानेवर येत नाही.

कॅरिअर: लहान कुत्र्यासाठी गाडीला घट्ट बसवलेली, हवा खेळती राहणारी बॅग घ्या. हार्नेस आतल्या हुकला आखूड दोरीने अडकवा. मोठ्या कुत्र्यासाठी साइडकार नसेल तर रिक्षा किंवा कारच बरी.

सवय: आधी बंद गाडीवर बसवा, मग इंजिनचा आवाज ऐकवा, मग छोटी फेरी मारा.

ऊन: कुत्रा मुख्यतः धापा टाकून शरीर थंड ठेवतो. त्याचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. ते ४१ च्या वर गेलं तर जिवाला धोका असतो. पग, बुलडॉगला हा त्रास लवकर होतो. दुपारचा प्रवास टाळा.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२५ नुसार चालकाच्या नियंत्रणात अडथळा येईल अशा प्रकारे कुणालाही बसवता किंवा काहीही ठेवता येत नाही.