शिकाऊ उमेदवार: शिकणारा की राबणारा?

फौजेत शिकवणाऱ्याला 'उस्ताद' म्हणतात. रंगरूट कच्चा निघाला, तर पहिला जाब उस्तादाला द्यावा लागतो. आयटीआयचा मुलगा कारखान्यात सहा महिने, वर्षभर राहून कोराच परत आला, तर जाब कोणी द्यायचा? हा प्रश्न आपल्याकडे पावणेदोनशे वर्षांचा आहे.

१८५० साली कंपनी सरकारने ॲप्रेंटिसांचा कायदा केला. अनाथ, गरीब मुलांना हुन्नर शिकता यावा, हा त्याचा हेतू. मूल दहा ते अठरा वर्षांचं हवं, करार जास्तीत जास्त सात वर्षांचा, तोही एकविसाव्या वर्षापलीकडे नाही. मुलीचा करार लग्नापर्यंतच. मालकाने छळलं तर मॅजिस्ट्रेटकडे दाद मागता येई. पण दहा वर्षांचं पोर कचेरीची पायरी चढणार कसं?

पुढचा टप्पा दुसऱ्या महायुद्धाचा. कुशल हात कमी पडले म्हणून सरकारने १९४० मध्ये तांत्रिक प्रशिक्षणाची योजना काढली. १९४१ पासून बेव्हिन योजनेखाली तरुण हिंदी कारागीर ब्रिटनमध्ये शिकायला गेले. युद्ध संपत आलं तेव्हा फौजेतून सुटणाऱ्या जवानांचं काय, हा प्रश्न उभा राहिला. जुलै १९४५ मध्ये त्यांच्या पुनर्वसनासाठी एक महासंचालनालय स्थापन झालं. आयटीआयचा कारभार पुढे त्याच खात्याने उभा केला. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली. म्हणजे या घराच्या पायात आम्हा फौजींचीही एक वीट आहे!

मग आला १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा. यात उस्तादाची जागा नेमून दिली आहे. प्रशिक्षणावर पात्र माणूस नेमा, प्रत्येक उमेदवाराच्या प्रगतीची नोंद ठेवा, आणि प्रशिक्षणाशी संबंध नसलेलं काम त्याला देऊ नका, अशी तीन बंधनं मालकावर आहेत. सुरक्षितता आणि अपघाताची भरपाईही त्याला लागू आहे. पण याच कायद्याने त्याला 'कामगार' मानलेलं नाही. तो शिकाऊ आहे, म्हणून बाकीचे कामगार कायदे त्याला लागू नाहीत. हेतू चांगला होता, पण स्वस्त मजुरीचा मोह इथेच शिरतो.

१९७३ मध्ये इंजिनिअर आणि डिप्लोमाधारक, १९८६ मध्ये बारावीचे व्यवसाय अभ्यासक्रमवाले कायद्याच्या कक्षेत आले. २०१४ मध्ये मालकांसाठीची कैदेची शिक्षा काढून फक्त दंड ठेवला. २०१६ च्या राष्ट्रीय योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलू लागलं. २०१९ च्या नियमांनी तीस किंवा जास्त माणसांच्या आस्थापनांना अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणं बंधनकारक केलं. मालकाची भीती कमी करून जागा वाढवायच्या, हे धोरण मला पटतं. पण डोकी मोजली म्हणजे शिक्षण झालं असं नव्हे.

निवृत्तीनंतर एका कारखान्यात फिटरची मुलं पॅकिंगवर बसलेली मी पाहिली. नोंदवह्या मात्र चोख! एकाच शाईत, एकाच अक्षरात, महिनाभराच्या नोंदी एका बैठकीत उरकलेल्या. कायदा पाळल्याचा कागद होता, मुलाच्या हातात कसब नव्हतं. यात कारखान्याइतकीच मुलं पाठवणारी संस्थाही दोषी आहे. जवानाला दुसऱ्या युनिटला पाठवलं, तरी मूळ युनिट त्याला वाऱ्यावर सोडत नाही.

तेव्हा तुम्ही इंदूरला असा, बेळगावला, की हैदराबादला, तुमचा मुलगा किंवा मुलगी ॲप्रेंटिस म्हणून लागली तर तीन गोष्टी विचारा. शिकवणारा कोण, नावानिशी? या आठवड्यात कोणतं नवं काम स्वतःच्या हाताने केलं? आणि नोंदवही रोज कोण भरतं? उत्तरं मिळाली नाहीत तर प्राचार्यांना गाठा. १८५० चं पोर कचेरीपर्यंत पोचत नव्हतं. आजच्या पोरामागे आपण उभं राहू शकतो.

जय हिंद.