हापूस थेट बागेतून घेताना साक्याचं आधी बोलून घ्या

पेटीवर 'देवगड' किंवा 'रत्नागिरी' छापलं म्हणजे आतला आंबा तिथलाच, याची खात्री नसते. कर्नाटकातला आंबाही अशा पेट्यांतून खपवला जातो. म्हणून बरेच जण थेट बागायतदाराकडून माल घेतात. त्याला कायद्याची आडकाठी नाही. राज्यात २०१६ मध्येच फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला.

मार्चचा आंबा महाग. मे महिन्यात आवक वाढली की भाव उतरतो, घरच्या वापराला तेव्हाच घेतलेला परवडतो.

नुसतं 'पेटी कितीला?' विचारून भागत नाही. फळ मोठं असेल तर पेटीत चार डझन, लहान असेल तर सहा डझनही बसतात. डझन किती आणि एक फळ किती ग्रॅमचं, दोन्ही विचारावं.

आंबा कच्चा घेऊन घरी गवताच्या अढीत पिकवलेला बरा. बाहेरून एकसारखा पिवळा पण वासच नाही, अशा फळाची शंका घ्यावी. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला देशात बंदी आहे.

खरा वाद होतो तो साक्यावरून. फळ वरून झक्कास, कापलं की आत पांढरट, स्पंजासारखा आंबूस गर. तो बागायतदारालाही बाहेरून दिसत नाही, त्यामुळे दरवेळी त्याने फसवलं असं नसतं. पण पैसे गिऱ्हाइकाचे जातात. साका निघाला तर बदली फळ मिळणार की पैसे परत, हे फोन-पे करण्याआधीच ठरवावं. आणि कापलेल्या फळाचा फोटो त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर टाकावा, आठवड्याने नाही.