रगरॅट्स : मोठी झालेली बाळे, आटलेली गंमत

कार्टून मालिकांतील पात्रे सहसा वयाने वाढत नाहीत. वर्षे लोटतात, प्रेक्षकांची पिढी बदलते. पडद्यावरचे मूल मात्र होते तेवढेच राहते. हा संकेत मोडण्याचा मोह निर्मात्यांना अधूनमधून होतो, पण तो प्रत्येकाला पेलतोच असे नाही. अमेरिकेतील निकलोडियन वाहिनीवर २१ जुलै २००१ रोजी प्रसारित झालेला ‘रगरॅट्स’ मालिकेचा ‘ऑल ग्रोड अप’ हा विशेष भाग याचे बोलके उदाहरण होय. मालिकेच्या दशकपूर्तीनिमित्त तयार झालेल्या या भागात लाडकी बालपात्रे एकदम दहा वर्षांनी मोठी झालेली दाखविण्यात आली.

रांगत्या मुलांचे जग

आर्लीन क्लास्की, गॅबोर चुपो आणि पॉल जर्मेन यांची ही निर्मिती ११ ऑगस्ट १९९१ रोजी सुरू झाली. ‘डग’ आणि ‘द रेन अँड स्टिम्पी शो’ यांच्यासह ती निकलोडियनच्या स्वतःच्या पहिल्या तीन कार्टून मालिकांपैकी एक. एक वर्षाचा धीट टॉमी पिकल्स, दोन वर्षांचा भित्रा चकी, फिल आणि लिल ही जुळी भावंडे आणि टॉमीची तीन वर्षांची खट्याळ चुलत बहीण अँजेलिका ही तिची मुख्य पात्रे. पुढे १९९८ च्या चित्रपटात टॉमीचा धाकटा भाऊ डिल जन्मला, तर २००० च्या चित्रपटातून चकीची सावत्र बहीण किमी आली.

मालिकेचे सामर्थ्य तिच्या दृष्टिकोनात होते. जग दिसायचे ते जमिनीलगतच्या नजरेने. टेबलाखालची जागा ही गुहा, अंगण हे अरण्य आणि मोठी माणसे म्हणजे खालून दिसणारे अजस्र चेहरे. मुले आपसांत अस्खलित बोलत, परंतु मोठ्यांच्या कानी पडे ते केवळ बोबडे आवाज. मोठ्यांचे शब्द अर्धवट ऐकून मुले त्यांचे भलतेच अर्थ लावीत आणि त्या गैरसमजातूनच साहस उभे राही. दोन्ही जगांची भाषा येणारी अँजेलिका या रचनेची किल्ली होती. ती मोठ्यांशी लाडिगोडीने वागे आणि लहानग्यांना बेधडक थापा मारी. तिची सत्ता या दुभाषेपणावरच उभी होती.

‘ऑल ग्रोड अप’मध्ये काय घडते?

कथेची सुरुवात जुन्याच थाटाची आहे. अँजेलिकापासून बचाव करण्यासाठी मुले कपाटात दडतात आणि तिच्या कराओके यंत्राला कालयंत्र समजून भविष्यात जातात. शीर्षकातील ‘ग्रोड’ हे रूपही मुद्दाम अशुद्ध आहे. आपल्याकडचे लहान मूल ‘केले’ऐवजी ‘करले’ म्हणते, तसेच ते.

कपाटाचे दार उघडते आणि सारे बदलते. टॉमीच्या टकलावर जांभळे केस आले आहेत, एकसारख्या कपड्यांतली जुळी भावंडे वेगवेगळी वागू लागली आहेत, अँजेलिका तेरा वर्षांची झाली आहे. यापुढील कथानक शाळा, एका लोकप्रिय गायिकेचा कार्यक्रम, चकीला आवडणारी मुलगी आणि टॉमीच्या वडिलांच्या ‘शुभ’ गळसाखळीवरून झालेला गोंधळ यांभोवती फिरते.

निराशा कशामुळे?

प्रेक्षकसंख्येच्या दृष्टीने हा भाग अपयशी नव्हता. एक कोटीहून अधिक लोकांनी तो पाहिला आणि वाहिनीच्या तोवरच्या सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या कार्यक्रमांत त्याची गणना झाली. कुतूहल दांडगे होते. मात्र ते शमल्यावर हाती फारसे काही उरत नाही.

मुले मोठी होताच त्यांची नजर मोठ्यांच्या नजरेला येऊन मिळते आणि मालिकेची दोन जगे एक होतात. गैरसमज संपतात, त्यांबरोबर साहसेही. मुलांचे बोलणे आता सर्वांनाच कळत असल्याने अँजेलिकाचे दुभाषेपण निरर्थक ठरते आणि ती शाळेतील कोणतीही शिष्ट मुलगी होऊन बसते. गळसाखळी, गायिका, पहिले आकर्षण हे विषय किशोरवयीन मुलांवरच्या कोणत्याही मालिकेत शोभले असते. पात्रांची नावे तीच राहिली, पण पाहण्याची रीत हरवली.

या प्रयोगात तथ्य नव्हतेच, असेही नाही. १९९१ मध्ये मालिका पाहणारी मुले २००१ मध्ये कुमारवयात पोहोचली होती. त्यांना आपल्याबरोबर वाढलेली पात्रे द्यावीत, हा विचार व्यावहारिक होता. त्यातूनच ‘ऑल ग्रोन अप!’ ही स्वतंत्र मालिका २००३ मध्ये आली आणि २००८ पर्यंत चालली. शीर्षकातील व्याकरण तेवढे सुधारले. निवांत वेळ मिळाल्याने तिच्यातील पात्रे विशेष भागापेक्षा अधिक भरीव झाली, तरी मूळ मालिकेची सर तिला आली नाही.

इतर उदाहरणे

‘द फ्लिंटस्टोन्स’मधील पेबल्स आणि बॅम-बॅम ही बाळे १९७१ मध्येच स्वतंत्र मालिकेत किशोरवयीन झाली होती; ती मालिका सोळा भागांत आटोपली. याउलट ‘द सिम्पसन्स’च्या १९९५ मधील ‘लिसाज वेडिंग’ या भागाला एमी पुरस्कार मिळाला. लिसाचा स्वभाव, वडिलांशी असलेले तिचे नाते आणि कुटुंबावरील उपरोध ही त्या मालिकेची मुळे होती आणि ती वय वाढल्याने उखडली गेली नाहीत. ‘रगरॅट्स’चे मूळच वयात होते.

२०२१ मध्ये ‘पॅरामाउंट प्लस’वर ‘रगरॅट्स’चे पुनरागमन झाले. चित्रांकन संगणकीय होते, टॉमी व अँजेलिकाचे आवाज मात्र ई. जी. डेली आणि शेरिल चेस यांचेच होते. त्या वेळी मुलांना मोठे करण्याचा पर्याय निर्मात्यांपुढे तयार होता. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि टॉमीला पुन्हा लंगोटात, जमिनीवर आणून सोडले.